सैल रिबीट

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत अभय ओव्हाळ लॅपटॉपच्या जुन्या चार्जरची पिन दुकानदाराला दाखवत उभा होता, तेव्हा मागून कुणीतरी "साहेब" म्हणालं. आवाज मोठा नव्हता. पण त्या एका शब्दानं त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत काहीतरी गार सरकत गेलं आणि वळण्याआधीच त्याला कळलं, हा ज्ञानदेव आहे. तो वळला. ज्ञानदेव हसत होता. उजवा डोळा हसत होता. डावा, बसवलेला डोळा अभयच्या खांद्यावरून पलीकडे, तारांच्या भेंडोळ्यांकडे बघत होता. "ओळखलं का साहेब?" "अहो, न ओळखायला काय झालं?" अभय म्हणाला, आणि आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं त्याला नवल वाटलं. ज्ञानदेवनं हातातली प्लास्टिकची पिशवी उघडून दाखवली. भट्टीच्या पंख्याचा रेग्युलेटर जळाला होता, तो घ्यायला आला होता. "लोणी काळभोरला दुकान टाकलंय. हायवेलाच हाय. कोयते, कुदळी, पहारी, समदं करतो. या की एकदा." अभय म्हणाला, येतो ना, नक्की येतो. दुकानदार म्हणाला, "चार्जर घ्यायचा आहे की आपण नुसते भेटायला जमलो आहोत?" अभयनं मान फिरवून पुन्हा वळवली तोवर ज्ञानदेव गर्दीत गेला होता. त्यानंतर अभय लावलेली स्कूटर शोधत दोन गल्ल्या हिंडला. ती पहिल्याच गल्लीत होती. किल्ली लावताना लक्षात आलं की चार्जर काउंटरवरच राहिला आहे, पण त्या गल्लीत परत शिरायचं त्याच्या पायांनी सरळ नाकारलं.

भीती नवी नव्हती. दोन वर्षं ती अंगात होतीच, पण घरातल्या पाण्याच्या मोटरसारखी. सवय झाली की आवाज ऐकू येत नाही. अभय एका फोर्जिंगच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. तिथं माणसाहून उंच यांत्रिक हातोडे होते, आणि प्रत्येक हातोड्याखाली एकेक माणूस लांब सांडशीनं तापून पिवळा झालेला लोखंडाचा तुकडा धरून उभा असायचा. दर सोमवारी या सांडश्या तपासायच्या, तोंड झिजलंय का, दांडे वाकलेत का, दोन्ही भाग जोडणारी मधली रिबीट सैल झालीय का ते पाहायचं आणि तक्त्यावर बरोबरच्या खुणा करून सही करायची, हे अभयचं काम. शेडमध्ये उन्हाळ्यात उभं राहवत नसे. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या एका सोमवारी तो गेला नाही. थंडगार केबिनमध्ये बसून त्यानं मागच्या आठवड्याचा तक्ता समोर ठेवला आणि खुणा उतरवून काढल्या. याआधीही चार-पाचदा काढल्या होत्या. बुधवारी अकराच्या सुमाराला ज्ञानदेवच्या सांडशीतून तापलेला तुकडा निसटला, हातोड्याखाली आडवा सापडला आणि त्याची एक कपची चष्म्याची काच फोडून डोळ्यात गेली. त्याला उचलून नेल्यावर अभयनं जमिनीवर पडलेली ती सांडशी हातात घेतली. दांडे हलवले, तर रिबिटीपाशी दोन्ही भाग दात पडायला आल्यासारखे हलत होते. कुणी बघत नव्हतं. तो शेडमागच्या भंगाराच्या ढिगाकडे गेला आणि ती सांडशी कापलेल्या तुकड्यांच्या खाली, हात जाईल तितकी खोल सारून आला. कोपरापर्यंत हात काळा झाला होता. साबणानं तीनदा धुतला.

अभयच्या आजोबांनी एका कागदावर अंगठा उठवला होता आणि त्या अंगठ्यासरशी गावातली होती नव्हती ती जमीन गेली होती. त्यामुळे वडील, रामदास ओव्हाळ, शिकून पोस्टात लागल्यावर सहीच्या बाबतीत अतिशय कडक झाले. वीजबिलाच्या पावतीवर सही करतानाही ते चष्मा पुसून घेत, ओळन् ओळ वाचत, मग पेनचं टोपण उघडत. अभय दहावीच्या फॉर्मवर न वाचता सही करायला गेला तेव्हा त्यांनी त्याचा हात मनगटाशी धरला होता. मारलं नव्हतं, नुसता धरला होता, आणि फॉर्म पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लावला होता. अपघातानंतर पंधरा दिवसांनी, "हत्यार सुस्थितीत होते, कामगाराची पकड सैल झाल्याने तुकडा निसटला" या वाक्याखाली सही करताना अभयला मनगटावर ती बोटं जाणवली. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सही त्यानं केली. ती करता आली, कारण ज्ञानदेवनं स्वतःच तसं सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये पट्टी बांधलेल्या अवस्थेत तो चौकशीच्या लोकांना म्हणाला होता, "सांडशी चांगली होती. माझाच हात घसरला." अभय पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्या क्षणी त्याला इतकं हलकं वाटलं की स्वतःची किळस आली. आणि ती किळस ओसरल्यावर, महिन्याभरानं कधीतरी, प्रश्न उगवला तो गेलाच नाही: तो असं का म्हणाला? सांडशी लटपटत होती हे ज्याच्या हातात ती होती त्याला कळलं नसेल? मग त्यानं ते कशासाठी राखून ठेवलंय?

पुढच्या रविवारी सकाळी अभय लोणी काळभोरला गेला. दीक्षाला, बायकोला, कारखान्यातल्या एका जुन्या माणसाकडे जातो म्हणाला. ते खोटं नव्हतं. जायचं तर नव्हतंच, पण न जाता घरात बसणं जास्त अवघड होतं. न गेलो तर त्याला कळेल की आपण टाळतोय. हायवेच्या कडेला पंक्चरच्या दुकानाला लागून पत्र्याची शेड होती, मागे दोन खोल्यांचं घर. ज्ञानदेव ऐरणीपाशी बसून कोयत्याला धार काढत होता. अभयला बघून तो उठला, हात पुसले, लोखंडी स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, "काय काम काढलं साहेब?" अभय शेडभर बघत राहिला. भट्टीच्या कडेला खिळ्यांवर ओळीनं सात-आठ सांडश्या टांगलेल्या होत्या, आणि नजर तिथून हलेना. "शिकायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे, छंद म्हणून. सांडशी. स्वतःच्या हातानं बनवायला शिकवाल का?" जगातल्या सगळ्या वस्तू सोडून हीच! ज्ञानदेवच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच होतं, पण त्यामागचा माणूस निघून गेल्यासारखं. मग म्हणाला, "सांडशी व्हय? शिकवू की. त्यात काय." दारात त्याची बायको विमलाबाई येऊन उभी होती. ती अभयकडे एकदा, खिळ्यांवरच्या सांडश्यांकडे एकदा बघून आत गेली. तिला माहीत आहे, अभयला वाटलं. दोघांनाही माहीत आहे.

तरीही तो जात राहिला. दर रविवारी, सकाळी नऊला. दीक्षा म्हणाली, "घरात दोन सांडश्या आहेत, दोन्ही चालतात. तिसरी येणार असेल तर दुधाचं पातेलं तूच उतरवत जा." ती हसली, तोही हसला. तिला सांगावं असं त्याच्या जिभेवर रोज येत होतं. पण ती कॉलेजात मुलांना नागरिकशास्त्र शिकवायची, आणि ऐकल्यावर तिचा चेहरा कसा होईल हे तो आधीच बघून चुकला होता. ज्ञानदेवनं पहिल्याच दिवशी त्याला दोन सारख्या लांबीचे गज कापून दिले. एकेका गजाचं टोक तापवायचं, ऐरणीच्या कडेवर ठेवून ठोकायचं, ते चपटं होतं, ते तोंड. मग गज फिरवून त्याच्या मागचा भाग चपटा करायचा, तिथं भोक पडणार, रिबीट बसणार. उरलेला गज ठोकून ठोकून लांब, निमुळता करायचा, तो दांडा. ऐकायला सोपं. अभयच्या हातातला हातोडा दर तिसऱ्या घावाला तिरका पडायचा आणि ऐरण अशी वाजायची की मनगटातून कळ थेट दातांत जायची. लोखंड लाल असेपर्यंतच ऐकतं. मग ते काळं पडतं आणि माणसाला झिडकारतं. "घाई नको," ज्ञानदेव म्हणायचा, "पण उशीर पन नको." त्याचं शिकवणं इतकंच होतं. बाकी तो गप्प असायचा, आणि ती शांतता अभय दर आठवड्याला विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर घेऊन जायचा, सोमवारी केबिनमध्ये घेऊन जायचा, आणि तिच्यात काय काय आहे ते चाचपत राहायचा.

सगळ्यात वाईट वेळ घणाची असायची. जाड भाग एकट्याच्या हातोडीला दाद देत नसे. मग अभयनं ज्ञानदेवच्या एका जुन्या सांडशीनं तो तापलेला गज ऐरणीवर धरायचा आणि ज्ञानदेवनं दोन्ही हातांनी घण उचलायचा. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. म्हणून ज्ञानदेव आधी घण अलगद लोखंडाला टेकवायचा, जागा मनात धरायचा, मग वर न्यायचा. त्या टेकवण्यापासून घाव पडेपर्यंतच्या वेळात अभयला श्वास घेता येत नसे. घण डोक्याच्या वर गेला की शेडच्या पत्र्यातल्या भोकांतून आलेलं ऊन त्याच्या लोखंडी माथ्यावर चमकायचं, आणि ज्ञानदेवचा तो न हलणारा डोळा अभयवर असायचा. निदान अभयला तसं वाटायचं. वीतभर इकडं पडला तर? चूक झाली म्हणेल. हात घसरला म्हणेल. आणि त्यावर कोण काय म्हणणार? तेच वाक्य, तीच सही. असं होईल यापेक्षा असं व्हावं अशी आपल्याच आतल्या कुणालातरी इच्छा आहे की काय, असं त्याला एकदा वाटून गेलं, आणि तो इतका दचकला की सांडशी ढिली पडली. लाल गज ऐरणीवरून घरंगळला, त्याच्या बुटाजवळच्या मातीत पडला, माती करपल्याचा वास आला. ज्ञानदेवनं घण हवेतच थांबवला होता. ज्ञानदेवचा चेहरा पांढराफटक पडला होता. "साहेब, लागलं का? कुठं लागलं?" तो तीन-तीनदा विचारत होता. इतक्या लहानशा गोष्टीनं हा माणूस एवढा का घाबरावा, हे अभयला समजलं नाही. आतून विमलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, तो अभयसमोर लांबूनच ठेवला, आणि नवऱ्याला हळू आवाजात, पण अभयला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

पाचव्या रविवारपर्यंत दुसरा भागही तयार झाला, आणि तो चुकला होता. दोन्ही भाग जवळ ठेवले तर एक डावा, एक उजवा दिसत होता, चपलांच्या जोडासारखा. अभयला ते बरोबरच वाटलं. ज्ञानदेवनं ते एकमेकांवर ठेवून दाखवले. तोंडं भलतीकडेच गेली. "दोन्ही भाग अगदी एकसारखेच पायजेत, साहेब. एक पालथा घातला की दुसऱ्यावर बसतो. उलटसुलट केले तर पकड येत न्हाई." पुन्हा नवा गज. त्या दिवशी ऊन फार होतं. हायवेवरून कंटेनर गेला की पत्रे थरथरत. अभयनं गज भट्टीत घातला, ज्ञानदेवनं पंख्याचं बटण फिरवलं, कोळसे पिवळे झाले, आणि निखाऱ्यांकडे बघता बघता, काही ठरवलेलं नसताना, अभय बोलायला लागला. "ज्ञानदेव, त्या सोमवारी मी सांडश्या तपासल्या नव्हत्या. केबिनमध्ये बसून खुणा केल्या. तुमची रिबीट सैल होती. मी नंतर पाहिली. मीच ती भंगारात पुरली." एवढं बोलून झाल्यावर त्याला कान बंद झाल्यासारखं वाटलं. आता घण. आता शिव्या. काहीही चालेल.

ज्ञानदेव स्टुलावर बसला. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाला, "म्हंजे तुमाला कंपनीनं पाठवलं न्हाई?"

"कशाला पाठवतील?"

"चौकशीला." तो अभयकडे नाही, जमिनीकडे बघत होता. "साहेब, त्या दिवशी सकाळी स्टोअरवाला म्हणला होता, ही सांडशी सैल झालीय, बदलून घे. मी म्हणलं, जेवणाच्या सुट्टीत बदलतो. नवी हाताला बसायला दोन दिस जातात, काम मागं पडतं. जुनी हाताची असती. अकरा वाजता झालं ते झालं. हात घसरला तर अपघात म्हणत्यात; सांगूनबी न बदलता वापरली, म्हंजे जाणूनबुजून केलेली चूक ना? भरपाई बुडंल म्हणून बोललो, सांडशी चांगली होती. त्याच पैशावर ही भट्टी हाय, ऐरण हाय, हे पत्रं हायती." तो थांबला. "पेठेत तुमी दिसलात. हाक मारली न्हाई तर म्हणाल, तोंड लपवतो. म्हणून मारली. आन् तुमी आल्या आल्या सांडशीचंच नाव काढलंत. पाच रविवार झालं, हिला जेवण जात न्हाई."

पाच रविवारांतला एकेक प्रसंग अभयच्या डोळ्यांपुढून उलट्या बाजूनं जायला लागला: ते हसू, ती गप्प राहण्याची पद्धत, लांबून ठेवलेला तांब्या, पांढरा पडलेला चेहरा. त्या प्रत्येक वेळी समोरचा माणूस त्याला घाबरत होता. त्याला, अभय ओव्हाळला! घण डोक्यावर धरलेला माणूस खाली बसलेल्याला घाबरत होता, आणि आपण आपल्याच भीतीत इतके गुरफटलेलो की हे दिसलं नाही. आपण कुणाला भीती वाटावी अशी वस्तू आहोत, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. भट्टीतून तडतड आवाज आला. गज तिथंच राहिला होता. टोकातून पांढऱ्या ठिणग्या फुलबाजीसारख्या उडत होत्या. ज्ञानदेवनं सवयीनं उठून तो बाहेर ओढला. टोक जळून चाळण झालं होतं. त्यानं तो बाजूला फेकला.

"मी लिहून देतो," अभय म्हणाला. "चूक माझी होती, तक्ता खोटा होता. सगळं लिहून देतो."

"काय लिहून देता?" विमलाबाई दारात होती. कधीपासून होती कोण जाणे. साडीचा पदर तिनं हातात घट्ट गुंडाळला होता. "तुमी लिहिलं की पुन्हा चौकशी लागणार. स्टोअरवाल्याला बोलावणार. मग ह्यांचं काय? तुमची नोकरी जाईल, दुसरी मिळंल. आमी ह्यो पत्रा कुठं नेऊ?" ती दोन पावलं पुढं आली. "दर रविवारी तुमी येनार, म्हणून शनिवारपास्नं माझा डोळा लागत न्हाई. आज तुमचं मन मोकळं झालं. बरं झालं. आता येऊ नका."

"विमल," ज्ञानदेव म्हणाला.

"येऊ नका म्हणा त्यांना."

ज्ञानदेवनं तसं म्हटलं नाही. येत जा असंही म्हटलं नाही. त्यानं कोपऱ्यातून एक तयार भाग काढला, अभयच्या पहिल्या भागासारखाच ठोकलेला. मागच्या आठवड्यात, अभय गेल्यावर, त्यानं तो करून ठेवला असावा. दोन्ही भाग एकमेकांवर बसले. भोकातून लाल रिबीट घातली, चार घावांत तिचं डोकं चपटं झालं. सांधा पुन्हा तापवला आणि दांडे अभयच्या हातात दिले. "उघडझाप करा. थांबू न्हाई. थांबला की जाम हुतंय." अभय उघडझाप करत राहिला. सुरुवातीला सांधा जड, अडखळणारा होता. हळूहळू गार होताना मोकळा झाला, पण डुलत नव्हता. विमलाबाई आत गेली नव्हती. शेडमध्ये तो कर्र कर्र आवाज तेवढा होत होता. ज्ञानदेवनं ती सांडशी पाण्यात बुडवली, फडक्यात गुंडाळून अभयपुढे धरली. मग म्हणाला, "तीन नंबरच्या हातोड्यावर अजून शंभू हाय. आमच्यातला सगळ्यात जुना. त्याला तोंडानं सांगायची सवय न्हाई. त्याची सांडशी बघा. सोमवारची वाट बघू नका. आज दुसऱ्या पाळीला आसंल."

दुपार झाली होती, पण अभय घरी गेला नाही. हडपसरचा पूल, खराडी, मग भोसरीचा रस्ता, सगळं ऊन अंगावर घेत तो सरळ कारखान्यात गेला. रविवारी त्याला बघून गेटवरच्या माणसानं नुसता हात वर केला. शेडमध्ये शिरताच उष्णतेनं त्याचा चेहरा आवळला. हातोडे चालू होते, जमीन तळपायांखाली उडत होती, आणि त्याला आतून तीच जुनी भीती वर येताना जाणवली; पण आता तिला एकच चेहरा नव्हता. तीन नंबरपाशी शंभू होता: पन्नाशीचा, खांदे वाकलेला, कानात कापूस. घाव थांबल्यावर अभयनं हात पुढे केला. शंभूनं आधी हाताकडे, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सांडशी दिली. दांडे चटका बसावा इतके तापले होते. अभयनं ते हलवले. मधला सांधा खुळखुळला.

"चालते साहेब अजून," शंभू घाईनं म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, ओशाळलेलं, घाबरलेलं. "मी धरतो ना सांभाळून. माझी काही तक्रार नाही."

"बंद करा हातोडा," अभय म्हणाला. कुणालाच ऐकू गेलं नाही. शेजारचे दोन हातोडे दणदणत होते. सुपरवायझर लांबून हातानं विचारत होता, काय झालं? आपण सांडशी खाली टाकू असं वाटून अभयनं ती दोन्ही हातांनी धरली. "बंद करा!" तो ओरडला, आणि स्वतःचा असा आवाज त्यानं कधीच ऐकला नव्हता. तीन नंबरचा हातोडा वर जाऊन वरच थांबला. शंभू डोळे विस्फारून उभा होता. "तुमची काही चूक नाही," अभय त्याच्या कानाशी वाकून म्हणाला. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. मग अभय पुढच्या हातोड्याकडे, चार नंबरकडे वळला. तिथल्या माणसानं त्याला येताना बघितलं होतं आणि आपली सांडशी पाठीमागे धरली होती.